साधारण बहनजी

माझ्या बायकोच्या तेराव्याला आमच्या घरी जो तो तिला 'आदर्श शिक्षिका' म्हणून राहिला होता. शिक्षण खात्यातून रिटायर झालेले एक साहेब आले होते, त्यांनी तर उभं राहून भाषणच केलं. सरकारी शाळेला अशी बाई पुन्हा मिळायची नाही, वगैरे वगैरे. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, तुमच्या खात्यानं तिला साधारण लिहिलं होतं. मेल्यावर आदर्श कशी झाली?"

मुलानं माझा हात दाबला. साहेब हसले, खोकले, खाली बसले. तेवढ्यात पानं वाढायला घेतली म्हणून निभावलं.

पण मी खोटं बोललो नव्हतो. साधारण हाच शब्द होता. त्या एका शब्दाची गोष्ट मला सांगायची आहे. मी काही शिकलेला माणूस नाही. चौथीपर्यंत गेलो, तेही हिंदी शाळेत. मराठी आमची घरातली, जबलपूरची, तिच्यात हिंदीचं पाणी पडलेलं. ती असती तर शेजारी बसून माझ्या वेलांट्या दुरुस्त केल्या असत्या आणि म्हणाली असती, "अहो, काहून एवढं लिहून राहिले? कोण वाचणार आहे?" आता म्हणायला कोणी नाही. म्हणून लिहितो.

मी फॅक्टरीत लेथवर होतो. लढाईचं सामान बनायचं, एवढं सांगितलं तरी पुरे. तेव्हा त्याहून जास्त बोलायची मनाई होती, ती सवय अजून गेली नाही. ती गढा नावाच्या जुन्या वस्तीच्या बाजूला सरकारी कन्या शाळेत बहनजी होती. शाळेत मोजक्या बायका आणि त्यांच्यावर बडी बहनजी, म्हणजे हेडमास्तरीण. बडी बहनजी त्या उन्हाळ्यात रिटायर व्हायच्या होत्या. त्यांच्यामागे सगळ्यात जुनी आमचीच. म्हणजे खुर्ची तिलाच मिळायला पाहिजे होती. घरात आम्ही तसं धरूनही चाललो होतो. ती वरून दाखवायची नाही. पण एक दिवस मी पाहिलं, रद्दीच्या कागदावर सही करून पाहून राहिली होती, आणि सहीखाली 'प्रधान पाठिका' असं लिहिलं होतं. मला पाहिल्याबरोबर तो कागद चुलीत गेला.

"काय जाळलं?" मी विचारलं.

"काही नाही. चूल पेटत नव्हती."

चूल चांगली ढणढण पेटलेली होती.

पण सरकारात नुसतं जुनं असून भागत नाही. दरसाल प्रत्येक बाईच्या नावानं एक गुप्त कागद भरला जायचा. त्याला चरित्रावली म्हणत. तो बडी बहनजी भरायच्या, त्यावर शाळा निरीक्षक आपलं मत लिहायचे, मग तो वर जायचा. बाई कशी शिकवते, वेळेवर येते का, वागणूक कशी आहे, पाचवीच्या बोर्डाचा निकाल किती लागला. बढतीच्या वेळी हे जुने कागद काढून पाहायचे. बाईला स्वतःला तो कधी दिसायचा नाही. फारच वाईट लिहिलं तर कळवायचे, आणि कळवलं की तिला उत्तर द्यायचा हक्क मिळायचा.

आणि हे बायांपुरतंच नव्हतं. बडी बहनजींचा असाच कागद निरीक्षक भरायचा, निरीक्षकाचा त्याच्या वरचा साहेब. एका वर्गात पोरी नापास झाल्या की तो डाग शिडी चढत चढत वरपर्यंत जायचा. म्हणून डाग खालीच पुसून टाकायची रीत पडली होती.

ती रीत अशी. नियम होता की पोर बरेच दिवस सारखी गैरहजर राहिली तर तिचं नाव कापता येतं. नियम करणाऱ्यानं पोरी शाळेत याव्या म्हणून केला असेल. वापर मात्र निकालासाठी व्हायचा. बोर्डाचे फॉर्म जायच्या आधी कच्च्या पोरींची नावं कापायची. जी बसलीच नाही ती नापास कशी होणार? सगळ्या शाळा करायच्या. त्यात पाप आहे असं कोणाला वाटत नसे. "छाटणी झाली का?" असं बायका एकमेकींना विचारायच्या, लोणच्याच्या कैऱ्या निवडून झाल्या का विचारावं तसं.

त्या साली बांगलादेशची लढाई झाली. खिडक्यांना काळे कागद लावले होते. शाळेच्या मैदानात सरकारी हुकमानं खंदक खोदला होता. भोंगा वाजला की पोरींनी त्यात उतरून डोकं खाली घालायचं. पोरींना तो खेळच झाला, भोंगा नसला तरी उतरायच्या. लढाई लवकर संपली, पण फॅक्टरीची संपली नाही. रिकामी झालेली कोठारं पुन्हा भरायची होती. आम्ही डबल पाळी करत होतो. घरात बाप नाही, मोठा भाऊ नाही, मग बाजारहाट कोण करणार, रेशनच्या लायनीत कोण उभं राहणार, फाटकापर्यंत डबा कोण नेणार? पोरगी. तिच्या वर्गातल्या कितीतरी पोरी त्या हिवाळ्यात शाळेला आल्याच नाहीत. म्हणजे नियमानं कापायला अगदी तयार माल.

बडी बहनजींनी तिला बोलावून सांगितलं, यंदा छाटणी जरा जास्त करावी लागेल. घरी येऊन तिनं मला सांगितलं. मी जेवायला बसलो होतो.

"मग काप," मी म्हटलं. "आमच्याकडे गेज लावतात. मापात बसलं तर पास, नाही बसलं तर भंगार. कोणी रडत बसत नाही."

"तुमचं भंगार कुठं जातं?"

"वितळवतात. पुन्हा ओततात."

"अच्छा," ती म्हणाली. "माझं कुठं जाणार?"

मी भाजीत चपाती बुडवली. ती म्हणाली, "जेवा. गार होऊन राहिली."

मग संक्रांत आली. आमच्या बायका संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू करतात, वाण लुटतात, हे इथल्या हिंदी शेजाऱ्यांनाही ठाऊक झालं होतं. मराठी घरात आज काहीतरी वाटून राहिले म्हणून त्यांच्या बायकाही हौसेनं यायच्या. हिनं ठरवलं की यंदा घरी कोणाला बोलवायचं नाही. वर्गातल्या प्रत्येक पोरीच्या आईकडे आपणच जायचं. नुसत्या गैरहजर पोरींकडे गेलं तर आया म्हणतील बहनजी गाऱ्हाणं घेऊन आली. वाण घेऊन गेल्यावर दार कोण लावणार? वाण म्हणून तिनं काय घेतलं, तर शिसपेन्सिली. बायकांना वाटी, चमचा, कंगवा असं काही लुटतात. हिनं पेन्सिली घेतल्या.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी सायकल घेऊन सोबत निघालो. हँडलला तिळगुळाचा डबा लटकवला होता. निघताना मी विचारलं, "कुंकवाचा करंडा?"

"नाही घेत."

"काहून?"

"एक घर असं आहे की तिथं तो काढता येणार नाही," ती म्हणाली. "मग कोणाकडेच नको काढायला."

ते घर मला माहीत होतं. गढ्याच्या आतल्या गल्लीत होतं. तिथला माणूस फौजेत जवान होता, तो लढाईतून परत आला नाही. मागे तरुण बायको, सासू आणि पाचवीतली पोरगी. सासूची ताकीद होती की सुनेनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून नळाचं पाणी पोरीनं आणायचं, दुकानात पोरीनं जायचं, आणि आजी आजारी पडली की वैद्याकडेही पोरगीच. ती शाळेत कधी येणार?

बाकी घरांतल्या आया हसल्या. पेन्सिल हातात घेऊन उलटीपालटी करून पाहायच्या. "बहनजी, इसका हम क्या करें?" ही म्हणायची, "बेटी के हाथ में दो, और बेटी को हमारे पास भेजो." तिळगूळ खाऊन कोणी कबूल व्हायची, कोणी नुसती मान हलवायची. कुंकू नाही याच्याकडे हिंदी बायकांचं लक्षही गेलं नाही.

त्या जवानाच्या घरी मी बाहेर सायकल धरून उभा राहिलो. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं ऐकू यायचं. ती बाई आतल्या खोलीतून पुढेच येईना.

"बहनजी, हमारे यहाँ काहे को आईं? हम तो अब..."

"आपकी बेटी पाँचवीं में है न?" ही म्हणाली. "बस, ये उसी का है. हाथ आगे करो."

"लोग क्या कहेंगे."

"लोग परीक्षा में नहीं बैठेंगे. बेटी बैठेगी."

सासू खाटेवरून काहीतरी पुटपुटली. हिनं तिच्याही हातावर तिळगूळ ठेवला. म्हातारीनं तो खाल्ला, मला वाटतं बोलता बोलता विसरून खाल्ला. बाहेर आली तेव्हा हिचे डोळे लाल होते, पण रागावल्यासारखी म्हणाली, "चला ना, उभे काय राहिले?"

शेवटचं घर एका मराठी कारकुनाचं. त्यांची मुलगी हुशार होती, रोज शाळेत यायची. त्या बाईंनी आमचं बसणं-उठणं चांगलं केलं, चहा ठेवला. मग नजर फिरवली.

"करंडा कुठं आहे?"

"घरी राहिला."

"राहिला की ठेवला?"

आमचीला खोटं बोलता येत नसे. "ठेवला," म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. "माझे दीर अजून सीमेवर आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही माझ्या दारात बिनकुंकवाचं वाण घेऊन आल्या? शिकलेल्या ना तुम्ही?" पेन्सिल त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली. चहा तेवढ्यात उतू गेला होता, उरला तेवढा पिऊन आम्ही निघालो.

मला त्या बाईंचाही राग येत नाही. भीती होती त्यांना. त्या हिवाळ्यात सगळ्यांनाच कशाची ना कशाची भीती होती. पण गोष्ट त्यांच्यापाशी राहिली नाही. देवळात गेली, सराफ्यात गेली, फिरत फिरत बडी बहनजींच्या कानी गेली. बहनजी घरोघर जाऊन अपशकुन करते. सवाष्णींना कुंकू नाही, विधवेला मात्र वाण.

बडी बहनजी रिक्षा करून आमच्या क्वार्टरवर आल्या. जाड काचेचा चष्मा, पायाला वाताची सूज. मनानं वाईट नव्हत्या. मला म्हणाल्या, "भैया, आप ही समझाइए इसको." मी म्हटलं, माझं ती ऐकत असती तर काय पाहिजे होतं.

"बेटा," त्या हिला म्हणाल्या, "शिकायत मैं पी जाऊँगी. आचरण के खाने में कुछ नहीं लिखूँगी. पर रिज़ल्ट मैं कहाँ से लाऊँ? तू नाम काट दे. मेरी भी पेंशन का साल है. मेरा कागज़ भी कोई लिखता है."

हिनं चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "दीदी, ज्या पोरी आता यायला लागल्या त्यांना कशी काढू? वाण देऊन बोलावलं मी त्यांना." ती मराठीतच बोलली, घाबरली की तिचं हिंदी पळायचं. पण बडी बहनजींना समजलं. त्या उठल्या, दारात थांबून म्हणाल्या, "ठीक है. साहब आएँगे तो तू ही जवाब देना. और सुन, पूरनपोली बना लेना. उनको तेरे हाथ की पसंद है."

हे खरं होतं. निरीक्षण असलं की सगळ्या बायका मिळून साहेबाला जेवू घालायच्या, आणि पुरणपोळीचं काम ठरलेलं आमच्याकडे. फॉर्म गेले, त्यात सगळ्या पोरींची नावं गेली. एकही कापलं नाही.

निरीक्षणाच्या दिवशी माझी पाळी सकाळी सुटली. मी घरून पोळ्यांचा डबा घेऊन शाळेत गेलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो. भिंतींना चुना मारला होता, दारापर्यंत विटांच्या काठाला गेरू. पोरी तरटाच्या टाटपट्ट्यांवर ताठ बसल्या होत्या. साहेब मैदानातून आले आणि खंदकाच्या काठाशी थबकले.

"मैदान में ये गड्ढा क्यों है?"

बडी बहनजी म्हणाल्या, "सर, सरकारी आदेश से खुदा था. लड़ाई में."

"लड़ाई तो खत्म हो गई."

"भरने का आदेश नहीं आया, सर."

साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला हसू आलं, ते मी दाबलं.

वर्गात त्यांनी हजेरीपट पाहिला. पान उलटत गेले, कपाळाला आठ्या पडत गेल्या. "ये लड़कियाँ महीनों नहीं आईं. नियम से इनका नाम कटना चाहिए था. क्यों नहीं कटा?"

मी खिडकीतून पाहत होतो. तिनं पदर खोचला. भांडायच्या आधी ती नेहमी खोचायची.

"सर, लड़ाई थी. बाप फैक्टरी में थे, तो बेटियाँ घर में बाप का काम कर रही थीं. अब आ रही हैं."

"नियम में लड़ाई का कोई उल्लेख नहीं है."

"जी. लड़ाई को भी नियम नहीं मालूम था."

पोरी हसल्या. बडी बहनजींनी डोळे मिटून घेतले. साहेबही थोडे हसले, खोटं का सांगू. मग त्यांनी मागच्या ओळीतल्या एका पोरीला उभं केलं. नेमकी त्या जवानाची पोरगी. भागाकार सांगितला फळ्यावर करायला. ती गेली, खडू घेतला, अर्धा केला आणि अडकली. मला वाटलं आमची आता पुढे होईल, डोळ्यांनी काहीतरी खुणावेल. सगळ्या बायका खुणावायच्या, तीही रीतच होती. ही हात बांधून उभी राहिली. शेवटी पोरगी वळून साहेबांना म्हणाली, "इसके आगे अभी नहीं आता. परसों तक आ जाएगा."

"बैठो," साहेब म्हणाले.

जेवताना त्यांनी पुरणपोळ्या चांगल्या रेटून खाल्ल्या. वर तूपही मागून घेतलं. जाताना हिनं रथसप्तमीपर्यंतचा म्हणून राखलेला तिळगूळ पुढे केला आणि म्हणाली, "हमारे यहाँ कहते हैं, ये लीजिए और मीठा बोलिए." साहेबांनी तोंडात टाकला. "बोलेंगे," म्हणाले.

बोलण्याचं माहीत नाही. लिहिलं गोड नाही.

परीक्षेच्या दिवशी एक गोष्ट झाली. ती जवानाची बायको स्वतः पोरीला केंद्रावर घेऊन आली. वर्ष व्हायला अजून खूप अवकाश होता. डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढलेला, भिंतीच्या कडेकडेनं चालत आलेली. दिवसभर ती केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात बसून राहिली. सासूला काय सांगून आली होती, देव जाणे. आमची घरी आली ती हेच सांगत आली. निकालाचं तिला तेव्हा ध्यानातही नव्हतं.

निकाल लागला तेव्हा ध्यानात आला. बऱ्याच पोरी नापास झाल्या. आधीच्या सालापेक्षा निकाल पार खाली गेला. ती जवानाची पोरगी गणितात नापास. बाजूच्या शाळेचा निकाल उत्तम लागला होता. त्यांनी छाटणी नीट केली होती.

आणि आमच्या शाळेची खुर्ची दुसऱ्या शाळेतल्या एका बाईला मिळाली. हिच्याहून किती तरी मागून लागलेली. हुकूम आला तसा हिनं वाचला, घडी घातली, परत दिला. घरी येऊन तांदूळ निवडायला बसली. मी म्हटलं, अर्ज कर, विचार त्यांना, काय वाईट लिहिलं माझं? ती म्हणाली, मला काही कळवलेलं नाही. वाईट लिहिलं असतं तर कळवलं असतं.

काय लिहिलं होतं ते बडी बहनजींनीच सांगितलं. निरोपाच्या समारंभानंतर गळ्यातला हार तसाच हातात घेऊन घरी आल्या. रडल्या. त्यांनी 'उत्तम' लिहिलं होतं. साहेबांनी वरून ते 'साधारण' केलं. "बुरा नहीं लिखा बेटा, बुरा लिखते तो तुझको बताना पड़ता. बताते तो तू जवाब देती. साधारण का कोई जवाब नहीं होता."

मला हे समजायला वेळ लागला. माझं डोकं फॅक्टरीचं. आमच्याकडे माल नापास झाला तर गेज समोर धरून दाखवायचे, हे बघ, इथं अडकतं. शिवी खायची आणि पुन्हा बसायचं. इथं माल नापासही नाही आणि पासही नाही. पार गप्पगुमान बाजूला ठेवलेला.

ती तांदूळ निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "मी पोरीला नापास करते तेव्हा तिची पाटी तिला दाखवते. कुठं चुकली ते बोट ठेवून दाखवते. मला कोणी पाटी तरी दाखवायची होती."

एवढंच. पुन्हा त्या गोष्टीवर ती बोलली नाही. चिडली नाही, काम कमी केलं नाही. सहायक शिक्षिका म्हणून लागली आणि सहायक शिक्षिका म्हणूनच रिटायर झाली. मधे किती हेडमास्तरणी आल्या आणि गेल्या, सगळ्यांना तिनं शाळेच्या कुलपाची खोड समजावून सांगितली, जरा उचलून फिरवावी लागायची किल्ली. मी मात्र बरीच वर्षं चिडलेला होतो. ओमतीच्या चौकात ते साहेब एकदा दिसले, स्कूटरवरून उतरत होते. मी दोन शब्द सुनावायला पुढे झालो. हिनं माझी बाही धरली. "त्यांचाही कागद कोणी भरत होतं," म्हणाली. "भाजी घ्यायची आहे, चला."

यात एक गोष्ट सांगायची राहिली. ती नापास पोरगी दुसऱ्या वर्षी पुन्हा बसली आणि पास झाली. भागाकार परवापर्यंत आला नाही, पण वर्षात आला. नाव कापलं असतं तर पुन्हा बसायला ती शाळेत असतीच कशाला? पुढे आठवीपर्यंत शिकली, लग्न होऊन कटनीकडे गेली. मोठी साहेबीण वगैरे झाली नाही. तिची आई मात्र एकदा बाहेर पडली ती पडलीच. शाळेत पाणी भरायचं काम तिला मिळालं. आमचीच्या सोबतीनं ती कित्येक वर्षं त्या शाळेत होती. आमच्या घरी यायची, पण सणासुदीला कधी आली नाही. बोलावलं तरी नाही. दुसऱ्या दिवशी यायची, उरलेलं खायला, असं स्वतःच हसून म्हणायची. आणि आमच्या घरी त्या संक्रांतीनंतर करंडा कधी निघाला नाही. तिळगूळ आणि पेन्सिली, बस. मराठी बायका आधी नाकं मुरडायच्या, मग सवय झाली.

आमची गेली ती सकाळची. उठली, चहा घेतला, म्हणाली छातीत कसंतरी होऊन राहिलं, आणि मी डॉक्टरला फोन लावेपर्यंत संपलं होतं.

नवऱ्याआधी गेली म्हणजे अहेव मरण. आमच्यात त्याचं मोठं भाग्य मानतात. हिरवं लुगडं आणलं, बांगड्या आणल्या. माझी धाकटी बहीण ताट घेऊन आली, त्यात भरपूर कुंकू. कपाळभर मळवट भरायचा असतो. ती म्हणाली, "सवाष्णी पुढे या. एकेकीनं लावा."

बायका पुढे सरकल्या. मी पाहिलं, दाराच्या मागे, चपलांजवळ ती जवानाची विधवा उभी होती. गढ्याहून कशी आली, कोणी आणलं, माहीत नाही. आता म्हातारी, पार वाकलेली. हात जोडलेले आणि अंग चोरलेलं, कोणाला आपला पदर लागू नये म्हणून.

मी म्हटलं, "थांबा."

"दादा?" बहीण म्हणाली.

"त्यांना आधी येऊ दे."

बहिणीनं वळून पाहिलं. तिला समजलं, आणि तिचा आवाज खाली आला. "दादा, अहो, असं नसतं. आज तरी नको. तिचं भाग्य आहे हे."

"भाग्य तिचं आहे ना? मग ती वाण कसं वाटायची ते तुला ठाऊक आहे. सगळ्या लावा, नाहीतर कोणीच लावू नका."

बहिणीनं ताट खाली ठेवलं. मी रडत नव्हतो, म्हणून माझं ऐकावं लागलं. रडत असतो तर म्हणाले असते, म्हाताऱ्याला भान नाही. मीही आता एकटा पडलो आहे, पण मला कोणी म्हणालं नाही की मागे हो, चपलांजवळ उभा राहा. माझ्या अंगावरचं काहीच उतरवलं नाही कोणी.

म्हातारी येईना. "भैयाजी, पाप लगेगा," म्हणाली. मी तिला म्हटलं, "आपकी बेटी का नाम नहीं काटा था उसने. आप उसका काटोगी?" मला तेवढंच सुचलं. नीट जुळतही नाही ते, पण ती आली.

गुडघ्यावर बसली. ताटात बोट बुडवलं. एवढ्या वर्षांत त्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं, त्याला किती घ्यायचं ते ठरवता येईना. टिळा कपाळाच्या मधोमध लागला नाही, उजव्या भुवईकडे गेला, वाकडा. बहीण पुसून नीट करायला वाकली. मी म्हटलं, राहू दे. तिच्या रीतीत चुकलेलं पुसायचं नसतं, बोट ठेवून दाखवायचं असतं.

मग बाकीच्यांनी लावलं. म्हातारी तशीच बसून होती, लाल बोट वर धरून. पुसावं कुठं ते तिला समजत नव्हतं. पांढऱ्या लुगड्याला लागलं तर घरचे विचारतील. मी खांद्यावरचा पंचा पुढे केला. तिनं त्याला बोट पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बहनजी हमारी कैसी लग रही हैं?" तिनं विचारलं.

मी पाहिलं. हिरवं लुगडं, वाकडा टिळा.

"अच्छी," मी म्हटलं. "बहुत अच्छी."